रविवारी संध्याकाळी मेस बंद!

घर सोडून नोकरीला आलेल्या प्रत्येकीला रोज रात्री एक प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर पाठ असतं. ‘जेवलीस का?’ ‘हो, जेवले.’ इथपर्यंत सगळं ठीक. ‘काय होतं?’ इथे मात्र गाडी अडते. कारण कटिंग चहा आणि ग्लुकोजची चार बिस्किटं याला भाजी म्हणायचं की आमटी? मग आपण परवाच्या मेसमधला फ्लॉवर-बटाटा आजच्या तारखेवर खपवतो. तो आठवड्यातून चारदा असतोच, त्यामुळे खोटंही वाटत नाही!

मी बार्शीची. जून २०२२मध्ये पहिल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत ‘कॉट बेसिस’वर राहू लागले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कॉट बेसिस म्हणजे तुम्ही खोली भाड्याने घेत नाही, एक पलंग घेता. पलंगाखालची जागा हा बोनस. आमच्या खोलीत चार कॉट. एक जळगाव, एक नांदेड, एक चिपळूण आणि मी बार्शी. नावं होती सगळ्यांना, पण पहिल्याच आठवड्यात गावं चिकटली ती कायमची.

आता जरा पैशांचं बोलू. (मुलीला वय आणि मुलाला पगार विचारू नये म्हणतात. मुलीला पगार विचारू नये असं कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे सांगते.) हातात यायचे १९,५००. त्यातले ५,५०० कॉटचे, ४,२०० शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, ३,००० घरी. बस आणि अडीनडीला रिक्षा १,५००, मोबाइल ३००, साबण-शाम्पू-औषधं वगैरे १,०००. उरले किती? ४,०००. म्हणजे दिवसाला १३३ रुपये. यात नाश्ता, दोन जेवणं, ऑफिसच्या खालचा चहा आणि कुणाचा बर्थडे निघालाच तर केकची वर्गणीसुद्धा!

हा हिशेब पुन्हा एकदा वाचा. जेवण सगळ्यात शेवटी आलंय. आमच्या खोलीत चौघींच्या चार वह्या होत्या आणि चारही वह्यांत ते शेवटीच होतं. भाडं थकवता येत नाही, मालकीणबाई दारात उभ्या राहतात. हप्ता थकवता येत नाही, बँकेचा मेसेज येतो. घरचे पैसे तर विचारूच नका. पोट मात्र बिचारं एसेमेस पाठवत नाही. त्यामुळे महिन्याच्या वीस तारखेनंतर जी काही कात्री लागते ती तिथेच लागते.

काकूंची वही

पुण्याची मेस ही एक स्वतंत्र दुनिया आहे. मी लावली तेव्हा ‘टू टाइम’चे ३,००० आणि ‘वन टाइम’चे १,७०० होते. दुपारचा डबा सकाळी नऊच्या आत उचलायचा, रात्री जाऊन ताटावर बसायचं. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी किंवा वरण, भात. मी पहिल्या दिवशी ‘काकू, अजून एक चपाती’ म्हटलं तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पिझ्झाच मागितलाय! पोळी म्हणायचं असतं इथे. महिनाभरात जीभ वळली. आता बार्शीला गेल्यावर पोळी म्हणते आणि आई विचारते, ‘सण हाय का आज?’ (आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची!)

मेस निवडायची कशी, याचा माझा एकच फंडा आहे. रविवारची दुपारची फीस्ट बघून कधीही मेस लावू नका. फीस्टला सगळ्याच काकू सुगरण असतात. मंगळवारी रात्री साडेनऊला जा आणि सुटं ताट घ्या. त्या वेळेला वरणात डाळ किती आणि पाणी किती ते कळतं. पोळ्या संपल्यावर पुन्हा तवा ठेवतात की ‘आता भात घे’ म्हणतात, ते कळतं. आणि दुसऱ्यांदा भाजी मागितल्यावर चेहऱ्यावरची कुठली रेघ हलते, तेही कळतं. शिवाय खाड्यांचा नियम आधी विचारून घ्या. आमच्याकडे सलग तीन दिवस आणि आदल्या संध्याकाळी सांगितलं तरच खाडा धरायचे. एक दिवस ऑफिसात उशीर झाला, गेलं ताट.

मला आधी हा नियम अन्यायाचा वाटायचा. मग एकदा पाऊस थांबेपर्यंत काकूंकडे तासभर बसले आणि त्यांची वही पाहिली. सकाळी सहा वाजता त्यांना माहीत असतं की आज बहात्तर डबे आणि साठ ताटं. त्यावर कणीक भिजते, त्यावर डाळ शिजते. उरत काही नाही, टाकायचं काही नाही. ‘पन्नास रुपयांत ताट मला परवडतं ते यामुळेच,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्ही मुली आयत्या वेळी न सांगता गायब झालात की तुमचं ताट फुकट जातं, पण ते करायला गॅस तर लागलेला असतो ना!’

मला हे जाम पटलं. मेस स्वस्त असते ती काकू दयाळू असतात म्हणून नाही (आमच्या तर मुळीच नव्हत्या). ती स्वस्त असते कारण जेवणारी माणसं आधीच ठरलेली असतात. ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईत गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका याच तत्त्वावर चालायच्या. किराणा भरायला त्यांना सावकाराचं व्याज भरावं लागायचं, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुण्यात हमाल पंचायतीनं १९७४मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती बाजारात ओझी उचलणाऱ्यांसाठी, ना नफा ना तोटा. सरकारनंही दोनदा प्रयत्न केला, १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२०पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी. पण सरकारी ताट अनुदानावर चालतं, ते आटलं की ताटही आटतं. काकूंची वही आपली आहे तिथेच आहे.

नऊ वाजताची भूक

तर सोमवार ते शनिवार ठीक. प्रॉब्लेम रविवारचा. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद! पुण्यातला हा अलिखित कायदा आहे. काकूंनाही कधीतरी पाठ टेकायची असतेच, त्यामुळे तक्रार नाही. पण दुपारचं श्रीखंड-पुरी रात्री नऊपर्यंत पार जिरलेलं असतं, उद्या सोमवार या विचाराने मूड खराब असतो आणि हातात मोबाइल असतो.

मग काय होतं? १४० रुपयांची पावभाजी दिसते. पॅकिंगचे २०, डिलिव्हरीचे ४०, टॅक्स, शिवाय प्लॅटफॉर्म फी नावाची एक चीज. २०२३मध्ये ती आली तेव्हा दोन रुपये होती, कुणाच्या लक्षातही आली नाही. पुढे ती दहाच्या वर गेली. एकूण बिल २१५-२२०. महिन्याचे चार रविवार म्हणजे ८८० रुपये. मेसचे ३,००० गेल्यावर माझ्याकडे उरायचेच १,०००. म्हणजे चार पावभाज्या म्हणजे महिन्याचा नाश्ता! हा हिशेब मी एका रविवारी पावभाजीची वाट बघत असतानाच मांडला, त्यामुळे ती नीट लागली नाही.

अॅपला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तिथे काकूंच्या वहीच्या बरोबर उलटं असतं. कोण कधी काय मागेल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसण्याची किंमत शेवटी आपल्या बिलात येते.

हे सगळं आमच्या खोलीत गमतीचाच विषय होतं, २६ जानेवारी २०२३पर्यंत. त्या दिवशी गल्लीतल्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. रक्त दिलं की तीन पुडांचा स्टीलचा डबा भेट. आम्ही चौघी सकाळी आंघोळ करून रांगेत! उद्देश उदात्त वगैरे होता, पण डबाही चांगला होता. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. आधी बोटाला टोचून बघतात. चिपळूण १२.८, पास. मी ११.६. नांदेड १०.९. आणि जळगाव ८.७.

टेबलावरच्या डॉक्टर बाईंनी तो आकडा दोनदा तपासला. मग पेन ठेवून विचारलं, ‘रात्री काय जेवतेस गं?’ जळगाव पाठ केलेलं उत्तर द्यायला लागली, ‘मेस लावलीय मॅडम.’ आणि नांदेड एकदम म्हणाली, ‘वन टाइम.’

हे आम्हाला तिघींना माहीत होतं. ती रात्री ‘ऑफिसातच खाऊन आले’ म्हणायची, तेव्हा ते खरं नसतं हेही बहुधा माहीत होतं. तिचा भाऊ लातूरला नीटच्या क्लासला होता. ती घरी ७,००० पाठवायची. रात्रीचं जेवण म्हणजे चहा-बिस्किट, फार तर वडापाव. कॉट बेसिसवर कुणाच्या ताटात डोकावायचं नसतं, असा एक न बोललेला शिष्टाचार असतो. आम्ही तो इतका पाळला, की ती जिना चढताना मध्ये थांबते याचीसुद्धा चेष्टाच केली.

आणि ती काही एकटी नव्हती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. आम्ही चौघी रांगेत उभ्या होतो तर आकडेवारी तंतोतंत उभी राहिल्यासारखंच होतं की!

जळगावला पुढे रीतसर डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या, लोहाच्या गोळ्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की एवढं खाली गेलेलं नुसत्या पालकाने वर येत नाही, गोळ्या नेमाने घ्यायच्या. आणि जेवणाला लागून चहा प्यायचा नाही, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा भातावर लिंबू पिळा, त्याने उलट मदत होते. आमच्या खोलीचं तर अर्ध जेवणच चहा होतं!

एक तारखेचा नियम

त्या आठवड्यात चौघींच्या वह्या एकत्र काढल्या आणि जेवणाची ओळ शेवटून उचलून भाड्याच्या खाली, दुसऱ्या नंबरवर आणली. पगार झाला की पहिल्याच दिवशी मेसचे ३,००० आणि खोलीच्या डब्यात प्रत्येकी ६००. हे पैसे कशालाही हलवायचे नाहीत, घरी कमी गेले तरी चालेल. ऐकायला सोपं वाटतं, पण या एका वाक्यावर आमची दोन तास भांडणं झाली.

जळगावला ‘टू टाइम’ करायचं तर १,३०० जास्त लागणार होते. भावाच्या पैशांतून १,००० कमी करायचे, हे तिच्या तोंडातून निघेना. शेवटी तिने पप्पांना फोन लावला. आम्ही उगाच कपडे घड्या करत बसलो. तिने गडबडीत सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग पप्पांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे बेटा, आतापर्यंत रात्री जेवत नव्हती का तू?’ भावाच्या खोलीचं काय करायचं ते आम्ही बघतो, तू तुझं बघ, म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिच्या कार्डावरचं ‘वन’ खोडून ‘टू’ केलं आणि अर्ध्या महिन्याचेच पैसे घेतले. दयाळू नव्हत्या म्हणाले ना मी? त्या दिवसापुरतं मागे घेते.

आता खोलीच्या २,४०० रुपयांत काय बसवायचं? चौघींचा रोजचा नाश्ता आणि रविवारची रात्र. शिजवायला काही तरी हवं. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पण मालकीणबाईंनी गॅसला सपशेल ‘नाही’ म्हटलं. इंडक्शनला तयार झाल्या, त्यासाठी चिपळूणने त्यांना चक्क गणित घालून दाखवलं. दीड हजार वॅटची शेगडी अर्धा तास पूर्ण जोरावर चालली तरी पाऊण युनिट वीज. कॉटमागे ५० रुपये जास्त देतो म्हटल्यावर बाई हसल्या. एकच अट घातली, घरात अंडं नाही.

शेगडी सेकंडहँड, कुकर नांदेडच्या घरचा. रविवारचा मेनू ठरलेला : तुरीची किंवा मुगाची खिचडी, वर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. नाही तर चवळी, मटकी किंवा हरभऱ्याचं कालवण. पोळ्या लाटायच्या भानगडीत पडायचं नाही, पलंगावर पोळपाट ठेवून तो प्रयोग आम्ही एकदाच केला आणि चादर धुवायला टाकली. पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणायच्या, भाजी नाही. केंद्राची भाजी शंभर ग्रॅमवर मिळते, आणि चौघींना पुरेल एवढी घ्यायची तर तेवढ्यात दोन दिवसांची उसळ होते.

डाळी-शेंगदाण्यांवर आमचा इतका भर का, तर पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रोटीन लागतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच तूरडाळीत वीसेक. अंड्यात सहा. मेसच्या ताटात पोळी-भात भरपूर असतो, कमी पडते ती डाळ. म्हणून नाश्त्याला नुसते पोहे करायचे नाहीत, त्यात मूठभर शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी हवीच. अंडं खायचं झालं तर कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर उभं राहून. घरात नाही म्हटलंय, गल्लीत कुठे म्हटलंय!

यात एसटीचाही हात आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आई दर दोन महिन्यांनी यायला लागली. सोबत पिशवी : बार्शीच्या बाजारातली तूरडाळ, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. ज्यांनी कडक भाकरी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी, ही ज्वारीची पातळ भाकरी भाजून वाळवून पापडासारखी करतात. नीट ठेवली तर दिवसच्या दिवस टिकते. रात्री अकराला ऑफिसातून आल्यावर यापेक्षा फास्ट फूड जगात नाही. दह्यात चुरा, वर चटणी घाला, खा. पण एक सांगते, घरून येतं ते फुकट असतं असं धरू नका. आईला मी डाळीचे पैसे देते. पहिल्यांदा दिले तर तिने डोळे वटारले. दुसऱ्यांदा मोजून घेतले.

सप्टेंबर २०२३मध्ये जळगावचं हिमोग्लोबिन ११.९ झालं. पुढच्या २६ जानेवारीला १२.६. तिने रक्त दिलं. त्या वर्षी मंडळाची भेट डब्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ होती, त्यामुळे थोडी निराशा झाली.

आता मेस ३,८०० झालीय, खोलीची वर्गणी ८००. पगारही थोडा वाढलाय, पण वहीतली दुसऱ्या नंबरची ओळ हललेली नाही. अॅप मोबाइलमध्ये आहेच, महिन्यातून एकदा पावभाजी येतेही, ठरवून, आणि मस्त लागते. चिपळूणचं लग्न झालं. तिच्या कॉटवर परभणी आलीय, पहिली नोकरी, पहिला पगार. तिला कार्ड, खाडे, एक तारीख सगळं समजावलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ‘आणि ताई, रविवारी रात्री?’

‘सात वाजता पोळ्या आणायला तू जायचंस,’ जळगाव म्हणाली. ‘बारा. साडेसातनंतर संपतात.’